अण्णांचा तांब्या

खिडकीतली कोरफड सडली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कोरफड म्हणजे हट्टी झाड. महिनाभर पाणी नाही दिलं तरी तिचं काही बिघडत नाही. आणि ही बया अण्णांच्या खिडकीत बुडापासून पिवळी पडून लोळली होती. मी कुंडीत बोट खुपसलं तर माती चिखलासारखी लागली. घरात तिला पाणी घालणारं कोणी नव्हतं. त्या खोलीत अण्णा होते, त्यांची खुर्ची होती आणि मी दिवसातून तीनदा भरून ठेवत होते तो तांब्या होता.

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर. तारापूरच्या पॉवर प्लांटमध्ये पंपहाऊसला तीस वर्षं काढली, मग निवृत्त होऊन वाणगावच्या आमच्या चिकूच्या वाडीत रमले. दिवाळीत ओट्याच्या पायरीवरून घसरले आणि खुब्यात सळी घालावी लागली. डॉक्टरांनी बजावलं, उकिडवं बसायचं नाही, कमोडच वापरायचा. घरी आल्यावर पंधरा दिवसांत थंडी वाजून ताप आला, लघवीला जंतू झाले. तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की गोळ्यांपेक्षा पाणी महत्त्वाचं, दिवसाला तीन तांबे पोटात गेलेच पाहिजेत. परत ताप आला तर दाखल करावं लागेल, आणि या वयात दुसऱ्यांदा दाखल होणं बरं नाही. म्हणून मी तांब्या भरत होते, आणि अण्णा तो कोरफडीला पाजत होते.

माझं डोकं तडकलं. मी तांब्या उचलून त्यांच्यासमोर आपटणारच होते. पण अण्णा आधाराने चालायच्या त्या वाकरवर हात ठेवून बाहेर चिकूच्या झाडांकडे बघत बसले होते, ओठ सुकून पांढरे पडलेले, आणि त्यांच्याकडे बघता बघता माझा राग दुसरीकडे वळला. हे पाणी का पीत नाहीत ते मला ठाऊक होतं. आठ दिवसांपासून ठाऊक होतं, फक्त मी ते स्वतःशी कबूल करत नव्हते.

आमचा रोजचा संडास विहिरीमागे आहे, जुन्या पद्धतीचा. घरात न्हाणीतला कमोड आम्ही किंजलच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या लग्नात बसवला, विरारहून येणाऱ्या पाहुण्यांची अडचण नको म्हणून. त्याची मैल्याची टाकीही वेगळी, घराच्या मागच्या अंगाला. पाहुणे आले की वापर, नाहीतर त्यावर कांद्याची पोती. अण्णा दवाखान्यातून आले, पोती हलली, आणि पहिल्याच दिवशी कळलं की बटण दाबलं की थोडंसं पाणी येतं, भांड्यात गोल फिरतं आणि जागच्या जागी उभं राहतं. वाकर धरून उभ्या माणसाला बादली काय उचलता येणार? ह्यांची फॅक्टरीत शिफ्ट. मग बादली कोण ओतणार तर मी.

मला त्याचं काही वाटत नव्हतं. माहेरी एडवणला माझ्या आईचं मी दोन वर्षं सगळं केलं आहे. पण अण्णांना वाटत होतं. सत्तावीस वर्षांत या माणसाने मला स्वतःचं जेवलेलं ताट उचलू दिलेलं नाही. आता ते न्हाणीतून मान खाली घालून निघायचे, मी बादली घेऊन आत शिरायचे, आणि दोघांपैकी कोणी एक शब्द बोलायचं नाही. यावर त्यांनी आपला उपाय काढला होता. पाणीच प्यायचं नाही, म्हणजे जायला लागणार नाही.

मी तांब्या जागेवर ठेवला आणि मनाशी ठरवलं की आज दिवेलागणीच्या आत हा माणूस स्वतःच्या बोटाने बटण दाबेल आणि सगळं खाली जाईल. त्याशिवाय मी आज दुसरं काम हातात धरणार नव्हते.

आधी सुजीतला फोन लावला. सुजीत प्लंबर बोईसरला असतो, तिकडे उठणाऱ्या नव्या इमारतींनी त्याला देव करून ठेवलंय. मागच्या आठवड्यात तो येऊन गेला होता. उभ्या उभ्या बटण दाबलं, फ्लशच्या टाकीवर टिचकी मारली आणि म्हणाला, टाकीच बदलावी लागेल वहिनी, सोमवारी येतो. कुठला सोमवार ते सांगायचं राहिलं. आज फोनवर मागे मशीनची घरघर होती आणि कोणीतरी हिंदीत पाइप मागत होतं. परवा नक्की, म्हणाला. मी म्हटलं तू राहू दे.

मग ह्यांना फोन. आमचे हे, ज्ञानेश, माणूस सोन्यासारखा, पण घरातली प्रत्येक गोष्ट रविवारी करायची असते. टाकीला हात लावू नकोस, फुटेल, रविवारी मी बघतो, असं म्हणाले. मी विचारलं, रविवारपर्यंत अण्णांनी काय करायचं? त्यावर लाइन कट झाली. कट झाली की केली, देव जाणे.

मी पदर खोचला. ह्यांच्या खोक्यातून पान्हा आणि पेचकस घेतला, जुना टूथब्रश घेतला आणि न्हाणीत शिरले. न्हाणी अण्णांच्या खोलीला लागूनच. खुर्ची हलल्याचा आवाज आला. मी काय करतेय ते त्यांना कळलं होतं आणि त्यांनी पाठ फिरवली होती.

टाकीचं झाकण उचललं. आतापर्यंत आम्ही कोणी ते उचललंच नव्हतं, सुजीतनेसुद्धा नाही. आत पाणी निम्म्यालाच होतं. बटण दाबून टाकी रिकामी केली आणि पुन्हा भरते किती वेळात ते बघत बसले. नुसती करंगळीएवढी धार. भात शिजून झाला असता तरी टाकी भरली नसती. म्हणजे पाणी येतानाच अडत होतं. भिंतीतली चावी बंद केली, टाकीला येणारी नळी सोडवली, तर तिच्या तोंडाशी एवढीशी जाळी, आणि त्या जाळीवर आमच्या विहिरीची बारीक रेती थापून बसलेली. टूथब्रशने घासून धुतली आणि परत बसवली. आता पाणी खळाळून आलं.

तरी टाकी चार बोटं खालीच थांबली. पाण्यावर तरंगणारा गोळा वर येतो आणि नळ बंद करतो, एवढं मला कळत होतं. तो लवकर बंद करत होता. त्याच्या दांडीला स्क्रू होता. तो कुठल्या बाजूला फिरवायचा या विचारात मी होते, तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"अर्धाच आटा फिरव. आनि मंग बघ."

अण्णा खुर्ची सरकवून न्हाणीच्या दाराशी आले होते. तोंड अजून भिंतीकडेच होतं. मी अर्धा आटा फिरवला. पाणी दोन बोटं चढलं. आणखी अर्धा, आणि ते खुणेच्या रेघेवर येऊन थांबलं. मला इतका आनंद झाला की अण्णांना सांगताना माझा आवाज उगीच चढला. ते नुसतं हूं म्हणाले, मग म्हणाले की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या की कशाने सुधारलं ते कळत नाही. पंपहाऊसमध्ये तीस वर्षं त्यांनी हेच केलं असणार.

बटण दाबायला मी हात पुढे केला, तर अण्णांनी थांबवलं. आधी टाकी गळते का बघ, म्हणाले. ते कसं बघायचं असं मी विचारलं. ते म्हणाले, नीळ घाल. कपड्यांची नीळ टाकीत ओतली, बटणाला हात न लावता वाट बघितली. चहा टाकला, अण्णांना दिला. चहा तेवढा ते पीत होते, तोही अर्धा कप. परत येऊन बघते तर भांड्याच्या मागच्या बाजूने निळी रेघ उतरत होती. म्हणजे पाणी भरत होतं आणि गुपचूप गळतही होतं. चावी बंद केली, टाकी मगाने उपसली आणि तळाचं रबर काढलं. त्यावर पांढरा क्षार बसला होता, आमच्या पाण्याचं तर हंड्यांवरसुद्धा थर चढतात. लोणच्यासाठी आणलेल्या व्हिनेगरमध्ये ते भिजवलं, अंगठ्याने चोळून गुळगुळीत केलं आणि परत बसवलं. त्याच व्हिनेगरच्या चिंध्या भांड्याच्या काठाखाली कोंबून ठेवल्या, कारण तिथल्या भोकांतून पाणी उतरतं आणि त्यातली निम्मी भोकं बुजलेली होती. अर्ध्या तासाने चिंध्या काढल्या आणि बारीक तार घेऊन एकेक भोक मोकळं केलं. कमोडमध्ये डोकं घालून मी एवढा वेळ कधी बसले नव्हते. बसेन असंही वाटलं नव्हतं.

दुपारचे बारा वाजून गेले होते. चावी उघडली, टाकी खुणेच्या रेघेपर्यंत भरली. मी अण्णांना म्हटलं, आता बघा. आणि बटण दाबलं.

पाणी धो धो आलं. गोल फिरलं, आणि खाली जायच्याऐवजी वर चढायला लागलं. भांड्याच्या काठापर्यंत आलं, उरलेल्या निळीने निळसर. मी दोन पावलं मागे सरले. काठाशी येऊन ते थांबलं, मग गुरगुरत, मोठमोठे बुडबुडे सोडत, अगदी सावकाश खाली बसलं. वरून नीट झालं होतं म्हणून तर खालचं बिंग फुटलं होतं.

मी ओल्या फरशीवर तशीच बसले. सुजीतला एक शिवी घातली, टाकी बनवणाऱ्यांना एक, फोन कट करणाऱ्या नवऱ्याला एक. या सगळ्या मनातल्या मनात, कारण दारात सासरे होते. डोळ्यांत पाणीही आलं, ते मात्र मनातल्या मनात नव्हतं.

 अण्णा वाकरच्या दांड्यावर बोटं वाजवत राहिले. मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड केलं.

"जयवंती, तू बादली ओततेस, तवा तरी नीट जातं काय?"

 या विषयावर आम्ही बोलत नव्हतो. सून बादली घेऊन आत जाते आणि सासरे भिंतीकडे बघतात, एवढंच आमचं ठरलेलं होतं. पण ते उत्तराची वाट बघत होते, आणि त्यांचा चेहरा पंपहाऊसमधल्या माणसाचा होता.

"नाय अण्णा," मी म्हटलं. "दोन बादल्या लागतात. पयली वर येते, गुडगुडते आनि मंग बसते. कदी कदी तिसरी."

"तीन बादल्या," अण्णा म्हणाले. "आनि तू सांगितलं नाय."

"तुमी इचारलं नाय."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले की हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर आपण टाकीला हातच लावला नसता. बादलीने जात नाही म्हणजे दोष टाकीत नाही, खाली आहे. मलाही ते तेव्हाच कळलं आणि माझी मलाच लाज वाटली. सुजीतलासुद्धा मी एवढंच सांगितलं होतं की फ्लश चालत नाही. बादलीचं सांगितलं असतं तर अण्णांचं नाव निघालं असतं, म्हणून गिळलं होतं. त्या बिचाऱ्याने जेवढं ऐकलं तेवढं बघितलं.

मग अण्णांनी एकामागून एक विचारलं आणि मी सांगत गेले. भांड्यात काही अडकलंय का? काठीला चिंध्या बांधून दट्ट्या केला, वीस वेळा मारला, काही निघालं नाही. मैल्याची टाकी भरली असेल का? लग्नानंतर वापरच कुठे होता? पाणी बसताना बुडबुडे येतात? येतात. वास? येतो, पाणी बसलं की हटकून.

"हवा कोंडलीय," अण्णा म्हणाले. "खाली पाणी जायचं तर खालची हवा भायेर निघाया पायजे. ती निघाया पाइप हाय ना मागे? त्याचं तोंड बघ."

मी मागच्या अंगाला गेले. हवेचा पाइप मैल्याच्या टाकीतून निघून माजघराच्या खिडकीशेजारून वर न्हाणीच्या छपरापर्यंत जातो. मी मान वर केली आणि तिथेच खिळले. पाइपाच्या तोंडावर नारळाची करवंटी उपडी घातलेली होती. करवंटीवर प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीवर निळी नाडी, चार वेढे आणि दोन गाठी. ती नाडी माझ्या परकराची होती.

भाद्रपदात माजघरात गौरी बसल्या होत्या, अगदी त्या खिडकीखाली. आदल्या दिवशी वारा फिरला आणि पाइपाचा वास आत यायला लागला. माहेरवाशिणीला असल्या वासात बसवायचं? मी शिडी लावली आणि पाइपाचं तोंड असं बांधून टाकलं की वारासुद्धा आत जाऊ नये. गौरी गेल्या की सोडायचं होतं. गौरी गेल्या, विसर्जनाच्या धांदलीत मी विसरले, आणि कमोडवर कांदे होते तोवर कोणाचं काही अडलं नाही.

सकाळपासून मी सगळ्या जगाला दोष देत होते. आणि अण्णांचा ताप, त्यांची ती खाली घातलेली मान, कोरफडीला पाजलेलं पाणी, सगळं माझ्या दोन गाठींत बांधलेलं होतं. एकदा वाटलं, गुपचूप चढावं, सोडावं, करवंटी चुलीत घालावी आणि आत जाऊन सांगावं की पाइपात पाला अडकला होता. कोणाला कळणार होतं? मी शिडी आणायला वळले तर माजघराच्या खिडकीत अण्णा उभे होते. वाकर टेकत टेकत एवढे आले होते. दवाखान्यातून आल्यापासून ते इतकं चालले नव्हते.

"अण्णा, मीच बांधलंय हे," मी म्हटलं. "गौरीच्या टायमाला. सोडायचं इसरले. माजी चूक हाय."

अण्णांनी गजांना गाल लावून वर करवंटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"शिडी कोणी धरली व्हती?" त्यांनी विचारलं.

मला आठवलं. शिडी त्यांनीच धरली होती. खाली उभे राहून सांगत होते, दुसरी गाठ मार, एक सुटेल.

"मंग अर्धी माजी," अण्णा म्हणाले. "चढ आता. सांभाळून. आज धरायला कोणी नाय."

मी चढले. ते खिडकीच्या गजाला धरून, डोळे न हलवता माझ्या पायांकडे बघत राहिले, जणू नजरेनेच शिडी धरून ठेवणार होते. गाठी उन्हापावसाने घट्ट झाल्या होत्या, शेवटी कमरेला खोचलेल्या विळ्याने कापल्या. करवंटी उचलली आणि भसकन सगळी हवा माझ्या तोंडावर आली. चार महिन्यांचं व्याज वसूल झालं. खाली अण्णांनी नाकाला पंचा लावला आणि ते हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसले. डासांसाठी तोंडाला नुसती जाळी बांधायची, असं त्यांनी तिथूनच सांगितलं, आणि मी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आणून, पुन्हा चढून तो बांधला. येत्या भाद्रपदात गौरींना दुसऱ्या भिंतीशी बसवायचं हेही उतरता उतरता ठरवलं.

दोघं न्हाणीत आलो. टाकी भरलेलीच होती. मी बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. बाजूला सरून अण्णांना वाट दिली. त्यांनी एक हात वाकरवर ठेवला, दुसऱ्या हाताचं बोट बटणावर ठेवलं आणि दाबलं. पाणी आलं, एकदा फिरलं आणि घळकन नाहीसं झालं. बुडबुडा नाही, गुडगुड नाही. खाली स्वच्छ पाणी येऊन थांबलं. अण्णांनी टाकी भरेपर्यंत घड्याळ बघितलं, पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा दाबायला निघाले तेव्हा मी म्हटलं, पुरे, विहीर आटेल.

ते खोलीत जाऊन खुर्चीत बसले. मी तांब्या घासून, भरून त्यांच्याजवळ ठेवला. कोरफडीबद्दल मी काही बोलले नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. मी स्वयंपाकाला लागले. तीन वाजले होते आणि घरात कोणी जेवलं नव्हतं.

जेवणं झाली. मी ओट्यावर चिकू निवडत बसले. थोड्या वेळाने आतून वाकरची टकटक ऐकू आली, न्हाणीचं दार लागलं. माझा हात सवयीने बादलीकडे गेला. मी उठलेसुद्धा. तेवढ्यात पाण्याचा आवाज आला, भरघोस, एकाच दमात सगळा, आणि थांबला. मी बादली खाली ठेवली आणि परत चिकू निवडायला बसले. अण्णा बाहेर आले, ओट्यापाशी क्षणभर थांबले. माझ्याकडे सरळ बघितलं, चिकू यंदा बारीक आहेत म्हणाले आणि आत गेले.

दिवे लावायच्या वेळेला त्यांनी हाक मारली.

"जयवंती, तांब्या संपला."

मी आत गेले. तांब्या रिकामा होता. अण्णा पंच्याने मिशा पुसत बाहेर बघत होते. सकाळचा अनुभव होता, म्हणून तांब्या उचलताना मी हळूच खिडकीशी गेले आणि कोरफडीच्या कुंडीत बोट घातलं. वरची माती सुकायला लागली होती.